घोट्याला घट्ट, मांडीला सैल

“डॉक्टर, तुमच्या हातून कधी कुणी बाई मेली आहे का?”

हा प्रश्न माझा नव्हता. मधल्या सुट्टीत ढमी आणि चष्मिस या माझ्या दोन मैत्रिणींनी तो ठरवला आणि म्हणाल्या, आईच्या डॉक्टरांना हे विचारून दाखव, मग मानू तुला. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरी द्यायलासुद्धा आधी घसा खाकरायचे. या वर्षी मात्र माझी जीभ सुटली होती. शाळेत माइकवर बातम्या वाचल्या, मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं की मुलींच्या बाथरूमची कडी तुटलीय, आणि दुसऱ्याच दिवशी कडी बसली. तेव्हापासून माझी खात्रीच झाली होती की जगातली निम्मी कामं कुणी तोंड उघडत नाही म्हणून अडून राहतात. तर विचारलं.

बाबांची मान इतकी खाली गेली की आता टेबलाखाली शिरतात की काय असं वाटलं. आईने मला चिमटा काढायला हात घातला तो बाबांनाच बसला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. केस पांढरे, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, आणि चेहरा असा की कितीही विनोद केला तरी हलणार नाही. मला वाटलं, आता हाकलून देतील. त्या म्हणाल्या, “हो. एक.”

पुढचं सगळं त्या मलाच सांगत होत्या, आईबाबांना नाही. तिलाही आईसारखीच पोटात मोठी गाठ होती. ऑपरेशन उत्तम झालं होतं. घरी जायचा दिवस उजाडला, तिने केस विंचरले, नवरा गाडी बघायला खाली गेला, आणि ती पलंगावरून उठली ती तशीच कोसळली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरली होती. ती सुटली, वर सरकली आणि फुफ्फुसात जाऊन अडकली. ओटीपोटाच्या ऑपरेशनला ही भीती जास्त असते, त्या म्हणाल्या. गाठ आतल्या शिरांवर बसलेली असते, त्यात बाई भूल देऊन आडवी, मग दुखतं म्हणून हलत नाही, आणि पायातलं रक्त साकळतं. म्हणून पायात घट्ट मोजे, पोटात रोज एक रक्त पातळ करणारं इंजेक्शन, आणि दुसऱ्या दिवसापासून चालणं. यातलं काहीच चुकवायचं नाही.

“ऑपरेशनचं मी बघते,” त्या म्हणाल्या. “त्यानंतरचा महिना तुमच्यावर.”

बाहेर आल्यावर आई म्हणाली, कार्टीची जीभ शिवून टाकायला पाहिजे. बाबा म्हणाले, एवढा जाड दोरा माझ्याकडे नाही. दोघंही हसले, पण रिक्षात बसल्यावर आईने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

आमचं दुकान खाली, घर वर. बाबा शिंपी आहेत, गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात. काज-बटणं, हातशिलाई आणि चिडलेल्या गिऱ्हाइकांची समजूत, ही तिन्ही कामं आईची. मला बाबा ‘बटण’ म्हणतात, कारण लहानपणी मी एक गिळलं होतं आणि ते मिळेपर्यंत त्यांनी दुकान बंद ठेवलं होतं. पुढचं सगळं कळण्यासाठी बाबांचा एक हट्ट मात्र सांगायलाच हवा. कपड्याने अंगावर वळ उठता कामा नये. कपडा तयार झाला की ते गिऱ्हाइकाला बसवतात, उठवतात, हात वर करायला लावतात, आणि शेवटी बाही सरकवून कातडीवर शिवणीची रेघ उमटलीय का ते बघतात. रेघ दिसली की गिऱ्हाईक ‘राहू द्या हो मास्तर’ म्हणत असलं तरी बाबांची कात्री चालू. घट्ट कपडा शिवणारा माणूस त्यांच्या लेखी शिंपी नाहीच, तो पोतं शिवतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्स मोज्यांचं माप घ्यायला आली. घोटा, पोटरी, मांडी. बाबा दारात उभे. तिने टेप तिरकी धरली होती आणि बाबांचे हात शिवशिवत होते. शेवटी न राहवून म्हणालेच, ताई, टेप जरा सरळ धरा. ताईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि एक चिठ्ठी हातात देऊन त्यांना औषधांच्या दुकानात पिटाळलं. आणि नेमकं तेव्हाच, मोजे चढवताना, तिने मला समजावून सांगितलं. हे साधे मोजे नाहीत. घोट्याशी सगळ्यात घट्ट असतात आणि वर जाल तसे सैल होत जातात, म्हणजे पाय रक्ताला खालून वर ढकलतो. टूथपेस्ट खालून दाबतो ना, तसं. वरची कड कधीही दुमडायची नाही, गुंडाळायची नाही, नाहीतर मांडीला दोरी बांधल्यासारखं होतं आणि सगळं उलटंच.

मी मान डोलावली. बाबा औषधं घेऊन वर आले तोवर ती दुसऱ्या पेशंटकडे गेली होती. नर्सने काय सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, घालून ठेवायचे, काढायचे नाहीत. तेवढंच सांगावंसं वाटलं, कारण आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला तिच्याकडे जायचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. गर्भपिशवी आणि गाठ दोन्ही काढली, आणि गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हे, तसा रिपोर्टही आला. त्या दिवशी बाबांनी जिन्यात उभं राहून भिंतीला कपाळ टेकवलं. मी बघितलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी नर्सने आईला उभं केलं, तेव्हा आईने अशा शिव्या दिल्या की त्या तिला येतात हे मला ठाऊकच नव्हतं. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, माझ्यातर्फे पण दोन घाला.

घरी आलो आणि आत्या येऊन दाखल झाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मनाने लोणी आणि आवाजाने भोंगा. तिने आल्या आल्या जाहीर केलं की वहिनीने उभ्या आयुष्यात कधी पाठ टेकली नाही, आता महिनाभर तिचा पाय जमिनीला लागू देणार नाही. मी म्हणाले, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. आत्या म्हणाली, डॉक्टरांचं काय जातंय सांगायला, टाके तिच्या पोटात आहेत. त्यावर मी तोडगा काढला. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर मी आईला खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, गॅलरीतून परत अशी फिरवायचे. मधल्या वेळात राज्य आत्याचं.

इंजेक्शनसुद्धा माझ्याकडे आलं. खरं तर नर्सने ते बाबांना शिकवलं होतं. पहिल्या सकाळी बाबा आईच्या पोटाशी बसले, कातडीची घडी चिमटीत धरली, सुई नेली आणि ती तशीच थांबली. जन्मभर सुई चालवणारा माणूस, डोळे मिटून दोरा ओवणारा, आणि त्याचा हात असा थरथरत होता की आईच म्हणाली, अहो, राहू द्या, तुम्ही मला बेशुद्ध कराल. मी म्हणाले, आणा इकडे. आणि केलं. आई म्हणाली, कळलंसुद्धा नाही गं. त्या दिवशी शाळेत मी ढमी आणि चष्मिसला हे इतक्यांदा सांगितलं की चष्मिस म्हणाली, आता तू आम्हाला टोचू नकोस म्हणजे झालं.

त्रास होता मोज्यांचा. आई रडकुंडीला यायची. घोट्याशी करकचतात, रात्रभर खाज सुटते, आणि वरून घसरून गुडघ्याशी गोळा होतात. सकाळ-संध्याकाळ ती बाबांना पाय दाखवायची. घोट्यावर लाल चरे, विणीचे ठसे. बाबा नुसतं त्या चऱ्यांवरून बोट फिरवायचे. मग एके दिवशी आईची कुरकुर थांबली. मी विचारलं तर म्हणाली, आता काही नाही गं, छान वाटतंय. मला वाटलं, झाली सवय. तिच्या अंगात पायघोळ गाऊन असायचा, आंघोळ आत्या घालायची, मोजे आत्याच चढवायची. मला गाऊनच्या खाली दोन पावलं दिसायची. पावलांत मोजे असायचे. झालं.

रविवारी दुपारी मी गॅलरीत अभ्यास करत होते. अभ्यास म्हणजे पुस्तक उघडं. आतून तेल गरम केल्याचा वास आला. आत्या वाटी घेऊन आईच्या खोलीत चालली होती. सहज विचारलं, कुणाला? म्हणाली, तुझ्या आईच्या पोटरीत कालपासून गोळा आलाय, रगडून देते, मोकळं होईल.

पुस्तक पडलं. मी पळाले.

आईचा उजवा पाय उशीवर होता, मोजा काढलेला. पोटरी तकतकीत, लालसर, ताणलेली, जणू आतून कुणी हवा भरतंय. हात लावला तर गरम. आत्या बाही वर करून बसलीच होती. मी तिच्या आणि पायाच्या मध्ये जाऊन बसले. ती म्हणाली, सरक. मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, मोठ्यांना नाही म्हणायचं? मी वाटीवर हात ठेवला, चटका बसला, तरी काढला नाही.

“आत्या, त्या पायाला हात लावायचा नाही. आत गुठळी असेल तर तू ती वर ढकलशील.”

आत्याने हात मागे घेतला. आई म्हणाली, इतकं काय गं, नस चढलीय नुसती. पण तिचा आवाज बारीक होता आणि वाक्य एका दमात होत नव्हतं. मी टेप आणली. घरात टेप शोधावी लागत नाही, दर खुंटीला एक असते. दोन्ही पोटऱ्या मापल्या. उजवी डावीपेक्षा चांगली दोन बोटं जाड. मग मी डाव्या पायाचा मोजा उतरवला, आणि मला मांडीवरचा वळ दिसला. मांडीला पूर्ण वेढा घालून बसलेला, जांभळा, खोल. वर मोज्याच्या कडेला आतून इलास्टिकची नवी पट्टी होती. आणि घोट्याशी, जिथे मोजा सगळ्यात घट्ट असायला हवा तिथे, कापडाची एक बारीकशी कळी, म्हणजे मोजा सैल करणारा तिकोनी तुकडा, घातलेली. इतकी सफाईने की बाहेरून टाका दिसत नव्हता. असा टाका आमच्या गल्लीत एकच माणूस घालतो.

मी बाबांना हाक मारली. ते खालून आले, बोटाला खडू लागलेला. माझ्या हातात मोजा बघून त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. म्हणाले, “कसं जमलंय, बटण? टीप कुठे दिसते का सांग.”

ज्या जिभेचा मी एवढा टेंभा मिरवत होते, ती टाळ्याला चिकटली. ते सांगत राहिले, तू शाळेत असताना केलं, खाली चरे पडत होते म्हणून कळी घातली, वर घसरत होते म्हणून पट्टी लावली, आता बघ कसे बसतात. आई म्हणाली, खूप बरं वाटलं हो मला.

मी त्यांना दाराबाहेर ओढलं. “बाबा,” मी म्हणाले, “हे बरोब्बर उलटं झालंय.”

आणि मग सांगितलं. घोट्याला घट्ट, मांडीला सैल. वर दाबलं की दोरी बांधल्यासारखं. ते ऐकत होते आणि त्यांचा खडूचा हात हळूहळू खाली येत होता. आईला मी हे ऐकू दिलं नाही. सगळं बाबांच्या कानाशी सांगितलं. त्यांनी भिंत धरली, तिच्यावर खडूची पांढरी बोटं उमटली.

दवाखान्यात फोन मी केला. तिकडून म्हणाले, चोळू नका, चालवू नका, ताबडतोब आणा. आईला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. एका बाजूने बाबा आणि दुसऱ्या बाजूने शेजारचा घड्याळवाला, मागून आत्या गाऊन सावरत आणि तोंडाने सारखं ‘हळू, हळू’. मधल्या वळणावर आई म्हणाली, मला श्वास पुरत नाही. नुसतं एवढंच, अगदी साध्या आवाजात, साखर पुरत नाही म्हणावं तसं. मी टॅक्सीत तिच्या तोंडाकडे बघत बसले. ओठांचा रंग बघत होते. सिग्नलला गाडी थांबली की मला वाटायचं, खाली उतरून समोरच्या प्रत्येक गाडीची काच फोडावी. ज्या एका बाईबद्दल डॉक्टर बोलल्या होत्या ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. केस विंचरलेली. मी मनातल्या मनात आईला म्हणत होते, तू विंचरले नाहीस ना आज, तेल लावायचं राहिलंय ना तुझं, मग तू ती नाहीस.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पोटरीपासून वर मांडीपर्यंत लांबलचक गुठळी होती. आणि तिचा एक लहान तुकडा आधीच फुफ्फुसात गेला होता. लहान, असं डॉक्टरबाई तीनतीनदा म्हणाल्या. आता मोठा डोस, अंथरुणात पडून, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि टाक्यांवर लक्ष, कारण रक्त पातळ केलं की जखम झिरपू शकते. दोन्ही बाजूंना दरी. आईला वरच्या मजल्यावर नेलं. आत एका वेळी एकालाच सोडत होते, आणि मी बाहेर उभी राहून दाराच्या काचेला नाक लावत होते.

मग डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, इंजेक्शन रोज? मी म्हणाले, रोज, माझ्या हाताने. म्हणूनच तुकडा लहान, त्या म्हणाल्या. चालणं? थोडंफार. मोजे? त्या बाबांकडे बघत होत्या. बाबा म्हणाले, “कायम पायात असायचे.”

खोटं नव्हतंच ते. पण ते दोन मोजे त्यांच्या पँटच्या खिशात होते, गोळा करून कोंबलेले, आणि बाबांनी वरून हात दाबून धरला होता.

डॉक्टरबाई कपाळाला आठ्या घालून उभ्या राहिल्या. सगळं केलं, तरी एवढी मोठी गुठळी, त्या म्हणाल्या. असं झालं की मला कारण शोधावं लागतं. गाठीचा नमुना दुसरीकडे पुन्हा तपासायला पाठवते, पोटाचा स्कॅन पुन्हा करू, रक्ताचे आजार बघू. हे त्यांनी दारातच सांगितलं. दार उघडं होतं. आई जागी होती.

संध्याकाळी मला आत सोडलं. आईने मला जवळ बसवलं आणि हसली. म्हणाली, काज करायची खास सुई पोळपाटाच्या मागच्या डबीत आहे, बाबांना सापडत नाही कधी. म्हणाली, आत्याला सांग की बाबांना साखर कमी. म्हणाली, निळं ब्लाउज चष्मिसच्या आईचं आहे, हूक राहिलेत. मला आधी कळलंच नाही ती काय करते आहे. माहेरी दोन दिवस जायच्या आधी ती असंच सांगते. मग ती म्हणाली, गाठ साधी नव्हतीच, आधी मला खरं सांगितलं नसणार. डॉक्टर शोधतायत म्हणजे काय शोधतायत ते मला कळतं, मी काय लहान आहे? मी म्हणाले, आई, गाठ साधी होती, रिपोर्ट मी वाचला. ती माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, तुला पण खोटं बोलायला लावलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी तिने सूपाला हात लावला नाही. नर्स इंजेक्शन घेऊन आली तर दंड आखडून घेतला. म्हणाली, जे व्हायचं ते होणारच आहे, मग कशाला टोचता, मला माझ्या घरी माझ्या पलंगावर जाऊ द्या. नर्सने समजावलं, आत्याने समजावलं, भोंग्याचा आवाज चिरकला तरी उपयोग नाही. कसाबसा तो एक डोस गेला, पण आईने सांगून टाकलं, हा शेवटचा. उद्या सकाळी सही करून मी घरी जाणार. स्कॅनलासुद्धा नाही म्हणाली. नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, बाळ, आत्ता औषध थांबवून ही घरी गेली तर, आणि पुढे बोललीच नाही.

मी बाबांना पायऱ्यांवर गाठलं. ते खालच्या पायरीवर बसले होते, गुडघे जवळ घेऊन, गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या माणसासारखे. मी म्हणाले, डॉक्टरांना मोज्यांचं सांगा. कारण कळलं तर त्या वेगळं सांगतील आईला. आई घाबरून मरतेय, बाबा, गुठळीने नाही. ते म्हणाले, रिपोर्ट परत येऊ दे, तो साधाच येणार, मग सांगायची गरजच पडणार नाही. मी म्हणाले, रिपोर्ट यायच्या आधी ती घरी जाईल. त्यांनी खिशावर हात दाबला. मग म्हणाले, “मी काय सांगू? की मी माझ्या हाताने तिच्या पायाला फास शिवला?”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि त्यांच्या मांडीवर डोकंही ठेवायचं होतं. दोन्ही जमलं नाही. त्यांचे हात गुडघ्यांवर पडले होते, तळवे वर. मी आयुष्यात ते हात कधी रिकामे बघितले नव्हते. ते म्हणाले, ती माझ्या हातचं काही परत अंगाला लावेल का? तुला माहितीये, लग्नानंतर तिने बाहेरचा एक कपडा घातला नाही. आणि आई वाचली नाही तर, बटण? तर हे सांगून मी कसा जगू? मी म्हणाले, आणि न सांगता? त्यावर त्यांनी मान फिरवली. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. येणारे-जाणारे लोक आमच्या दोघांच्या मधून नाही तर बाजूने जात होते, एवढे आम्ही चिकटून बसलो होतो.

भेटायच्या वेळी आम्हा दोघांना आत सोडलं. नियम एकाचा होता, पण नर्सने दुसरीकडे बघितलं. आई उशीला टेकून बसली होती. तिने सफरचंद घेतलं नाही, म्हणून बाबांनी त्याच्या फोडी केल्या. त्याही घेतल्या नाहीत, म्हणून अजून बारीक केल्या. घरी जायचा कागद तिच्या पायाशी पडला होता, पेनसुद्धा. आई बाबांना सांगत होती की दुकानाच्या पाटीला रंग द्या, आणि बाबा ‘देतो’ म्हणत होते, आणि दोघंही पाटीबद्दल बोलत नव्हते. ऑक्सिजनची नळी तिच्या गालावर रेघ पाडत होती. बाबांचं सगळं लक्ष त्या रेघेवर. बोट उचललं त्यांनी, आणि परत खाली घेतलं.

बाहेर पॅसेजमध्ये डॉक्टरबाईंच्या चपलांचा आवाज यायला लागला. त्या शेजारच्या खोलीत शिरल्या. पुढची खोली आमची.

मी कागद आणि पेन उचललं आणि पाठीमागे धरलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. ते नाही म्हणाले नाहीत, पण डोळ्यांनी इतकी विनवणी करत होते की मी आईकडेच बघत बोलायला सुरुवात केली.

“आई, बाबा, ऐका. डॉक्टर आत आल्या की मी त्यांना मोज्यांचं सांगणार आहे. आई, तुझे मोजे आपण घरी बदलले होते. घोट्यात सैल केले आणि वर पट्टी लावली, तुला टोचू नये म्हणून. ते उलटं झालं आणि पाय वरून आवळला गेला. डॉक्टरांना हे ठाऊक नाही, म्हणून त्या तुझ्या पोटात काहीतरी शोधतायत. मला वाटतं, त्यांना शोधायचंय ते बाबांच्या खिशात आहे. बाबा, तुम्ही सांगितलंत तर मी गप्प बसेन, एक शब्द बोलणार नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. माझं ठरलंय. आणि आई, डॉक्टरांचं ऐकून होईपर्यंत हा कागद मी तुला देणार नाही.”